मधुचंद्राचे दिवस बसमध्ये घालवू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'चार रात्री, पाच दिवस : बँकॉक आणि पट्टाया' अशा जाहिराती दिसू लागतात आणि ज्यांचे लग्न ठरले आहे अशी मुले-मुली त्या कात्रणांवर पेनाने खुणा करू लागतात. आमच्या घरीही सध्या तेच चालले आहे. पुतण्याचे लग्न ठरले आहे. तो आणि आमची होणारी सून गेल्या रविवारी असेच एक कात्रण घेऊन आले आणि त्याने मला विचारले, "काकू, तुम्ही दोनदा जाऊन आलात, पाच दिवसांत सगळं बघून होतं ना?" या प्रश्नाला मी दिलेले उत्तर बरेच लांबले. त्यांच्यासारख्या इतर जोडप्यांनाही ते उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही दोघे प्रथम गेलो ते २००९ च्या डिसेंबरात, लग्नानंतर चौथ्या दिवशी, एका सहल कंपनीबरोबर. माझ्या हातांवरची मेंदी अजून गडद होती आणि लग्नाच्या जागरणांमुळे दोघांचेही डोळे मिटत होते. पहाटे विमानतळावर उतरलो, तिथूनच बसने पट्टायाला नेण्यात आले आणि त्याच दिवशी संध्याकाळी एक रंगमंचीय कार्यक्रम दाखवण्यात आला, ज्याचा बहुतेक भाग मी झोपेत घालवला. दुसऱ्या दिवशी बोटीने बेटावर जाऊन परत, तिसऱ्या दिवशी सामान बांधून पुन्हा दीडशे किलोमीटरचा प्रवास करून बँकॉक. हॉटेलच्या खोलीत दोन स्वतंत्र पलंग होते, मध्ये फोन ठेवलेले एक लहान टेबल होते आणि ते बदलून देण्याविषयी मार्गदर्शकाला विचारण्याचाही मला संकोच वाटला. चौथ्या दिवशी शहरदर्शन होते. त्यात राजवाडा बाहेरून पाहायला वीस मिनिटे मिळाली, तर रत्नांच्या एका मोठ्या विक्रीदालनात तब्बल दीड तास. तिथून खरेदी न करता बाहेर आलेल्या आम्हा दोघांकडे मार्गदर्शक ज्या नजरेने पाहत होता, ती मला आजही आठवते. पाचव्या दिवशी पहाटे परतीचे विमान. पाच दिवसांपैकी दोघांनी निवांत बोलत काढलेला वेळ मोजला, तर तो जेमतेम काही तासांचा भरेल.

त्या कंपनीने आम्हाला फसवले, असे मी म्हणणार नाही. जाहिरातीत जे छापले होते, ते सर्व दाखवण्यात आले. चूक आमच्या निवडीत होती. मधुचंद्र आणि शहरदर्शनाची सहल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला तेव्हा कळले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो, या वेळी स्वतः आखणी करून, आणि त्याच शहरात जे दिवस काढले त्यांना मी मनातल्या मनात आमचा खरा मधुचंद्र मानते.

म्हणून पुतण्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की बँकॉकमधल्या सगळ्या रात्री एकाच खोलीत राहा. समुद्राची ओढच असेल तर क्राबी किंवा फुकेत विमानाने साधारण दीड तासावर आहे. तो भाग प्रवासाच्या शेवटी ठेवावा आणि त्यासाठी वेगळे तीन दिवस काढावेत, बँकॉकच्या दिवसांतून ते कापून घेऊ नयेत. दुसरी गोष्ट अशी, की पोहोचण्याच्या दिवसासमोर वहीत काहीही लिहू नका. लग्नाचा थकवा विमानात बसल्याने उतरत नाही.

राहण्याची जागा कुठे निवडली, यावर बँकॉकमधले निम्मे सुख अवलंबून असते. हे शहर वाहतूककोंडीसाठी प्रसिद्ध आहे आणि संध्याकाळी रस्त्याने तीन-चार किलोमीटर जाण्यात एक तास सहज निघून जातो. १९९९ मध्ये सुरू झालेली उन्नत रेल्वे, जिला तिथे बीटीएस म्हणतात, आणि २००४ पासून धावणारी भुयारी मेट्रो यांच्या स्थानकापासून चालत जाता येईल अशीच खोली घ्यावी. आम्ही चाओ फ्राया नदीच्या काठी, सफान ताक्सिन स्थानकाजवळ राहिलो. त्या स्थानकाच्या जिन्याखालीच साथोनचा धक्का आहे आणि तिथून नदीतल्या सार्वजनिक बोटी सुटतात. नारिंगी झेंड्याच्या बोटीचे तिकीट १६ बाट (बाट हे थाई चलन) आहे, अंतर कितीही असो. सकाळी कामावर जाणारी माणसे, शाळेची मुले, केशरी वस्त्रांतले भिक्खू यांच्यासोबत त्या बोटीच्या कडेला उभे राहून, तोंडावर पाण्याचे तुषार घेत केलेला प्रवास मला महागड्या 'डिनर क्रूझ'पेक्षा कितीतरी अधिक आवडला. नदीकाठ खिशाला परवडत नसेल, तर आसोक चौक सोयीचा आहे, कारण तिथे दोन्ही रेल्वे एकत्र येतात. मात्र त्याच परिसरातल्या नाना आणि सोई काउबॉय या गल्ल्या रात्रीच्या बारसाठी ओळखल्या जातात. नवविवाहित जोडप्याला त्यांच्या तोंडाशीच खोली हवी आहे का, याचा विचार नकाशा समोर ठेवून आधीच करावा.

हॉटेलच्या दराबाबत एक बारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे. थायलंडमध्ये पुष्कळ हॉटेले दरापुढे अधिकची दोन चिन्हे (++) छापतात. त्यांचा अर्थ असा, की त्या रकमेवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यानंतर एकूण रकमेवर ७ टक्के मूल्यवर्धित कर वेगळा लागणार, म्हणजे एकंदर १७.७ टक्के. आमच्या होणाऱ्या सुनेने दोन हॉटेले निवडून ठेवली होती. एकाचा दर सर्व करांसह ३,००० बाट होता आणि दुसऱ्याचा २,८०० बाट, पुढे ती दोन चिन्हे. दुसरे स्वस्त म्हणून ती तेच नक्की करणार होती. हिशेब केल्यावर त्याची रक्कम ३,२९५ बाटच्या वर गेली. आरक्षण करतानाच 'एकच मोठा पलंग हवा' असे लेखी कळवावे आणि लेखी उत्तर मागवावे, हे मी तिला बाजूला घेऊन सांगितले. २००९ साली हे मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

महिना निवडताना लग्नाच्या तारखेला काहीसे बांधलेले राहावे लागते, हे मान्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला कोरडा आणि त्यातल्या त्यात सौम्य काळ आहे. जानेवारीच्या सुमारास हवेत धुळीचे प्रदूषण वाढते, म्हणून ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. एप्रिल हा सर्वांत तापदायक महिना असतो, पण त्याच महिन्यात १३ ते १५ तारखेला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा जलोत्सव असतो आणि रस्त्यावरचा एकही माणूस कोरडा राहत नाही. ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी ते तीन दिवस टाळावेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वाधिक असतो. माझ्या मते सर्वांत सुंदर दिवस लॉय क्रथोंगचे. हा सण थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो आणि बहुतेक वर्षी तीच आपली कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे त्रिपुरारी पौर्णिमा असते. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानांची गुंफण, फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावलेले द्रोण लोक नदीत सोडतात आणि नदीमातेची क्षमा मागतात. त्या नदीमातेला ते 'मे खोंगखा' म्हणतात. हा शब्द आपल्या गंगेवरूनच आलेला आहे. २०२३ मध्ये २७ नोव्हेंबरला आम्ही दोघांनी मिळून एक द्रोण सोडला. शेजारी एक वयस्क थाई जोडपे होते. त्यांतल्या आजींनी आमची विझलेली मेणबत्ती स्वतःच्या मेणबत्तीने पुन्हा पेटवून दिली.

आपल्या लोकांना बँकॉक केवळ खरेदीचे आणि रात्रीच्या करमणुकीचे शहर वाटते, याचे मला फार वाईट वाटते. १७८२ मध्ये 'पहिला राम' या थाई राजाने ही राजधानी वसवली आणि तिला जे लांबलचक नाव दिले, त्याची सुरुवात 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी, अशी होते आणि त्याच्या शेवटी हे नगर शक्राने, म्हणजे इंद्राने, दिले व विश्वकर्म्याने सिद्ध केले, असा उल्लेख आहे. ते नाव संथपणे वाचले तर त्यातले कितीतरी शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतात. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती जी लांब ओवरी आहे, तिच्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांतून रंगवलेले आहे. पहिल्या खेपेस आम्ही याच ओवरीपासून काही पावलांवर उभे होतो आणि बसकडे परत निघालो होतो. दुसऱ्या खेपेस तिथे आम्ही दोन तास काढले. दशकंठाला ते थोत्सकान म्हणतात. हनुमान पांढराशुभ्र असून तो ब्रह्मचारी मुळीच नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी सुवन्नमच्छा ही मत्स्यकन्या रावणाचीच मुलगी आहे, हनुमान तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. माझे पती एकदम म्हणाले, "अगं, हा तर आपला मकरध्वज!" आणि मग पुढच्या प्रत्येक चित्रापाशी थांबून आम्ही प्रसंग ओळखत राहिलो. लहानपणी आजीकडून ऐकलेले रामायण परक्या देशातल्या भिंतीवर वेगळ्या वेषात भेटते आणि दोघांनी मिळून ते उलगडायचे असते. नव्या जोडप्याला एकमेकांशी बोलायला याहून चांगले निमित्त मला सुचत नाही.

राजवाड्याचे तिकीट परदेशी पाहुण्यांना ५०० बाट आहे आणि दुपारी साडेतीननंतर प्रवेश मिळत नाही, म्हणून सकाळी साडेआठला दार उघडतानाच पोहोचावे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साधा सलवार-कुर्ता उत्तम. एका प्रकाराविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. आम्ही राजवाड्याकडे चालत असताना इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ अत्यंत आदराने जवळ आला आणि म्हणाला, की आज बौद्ध सण असल्यामुळे राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद आहे, तोपर्यंत माझ्या ओळखीचा टुकटुकवाला वीस बाटमध्ये तुम्हाला तीन मंदिरे दाखवील. माझे पती थांबलेही होते. आम्ही नम्रपणे नाही म्हणून शंभर पावले पुढे गेलो, तर दार उघडे आणि रांग लागलेली. वीस बाटची ती फेरी शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात जाऊन पोहोचते. ही युक्ती तिथे वर्षानुवर्षे चालत आलेली आहे.

राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर वात फो हे मंदिर आहे. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत. तिथून था तियनच्या धक्क्यावर जाऊन पाच बाटच्या होडीने नदी ओलांडली की वात अरुण, म्हणजे सूर्याच्या सारथ्याच्या नावाचे मंदिर. त्याच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे बसवून फुले केलेली आहेत. मावळतीच्या वेळी मात्र परत था तियनच्या बाजूला यावे, कारण सूर्य मनोऱ्याच्या मागे जातो तो याच काठावरून दिसतो. तिथे आम्ही काहीही न बोलता बसलो होतो आणि अंधार पडून मनोऱ्यावर दिवे लागेपर्यंत उठलो नाही.

शाकाहारी जोडप्यांना जेवणाची चिंता असते आणि ती अनाठायी नाही, कारण मासळीचे पाणी, ज्याला 'नाम प्ला' म्हणतात, ते भाजीतही घातलेले असते. पिवळ्या कापडावर लाल रंगात 'जे' हे थाई अक्षर लिहिलेले दुकान दिसले, तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काहीच नसते, इतकेच काय, कांदा-लसूणही नसतो. ते अक्षर फोनमध्ये साठवून ठेवावे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी नारळाच्या दुधातला चिकट भात आणि पिकलेला आंबा, 'खाओ नियाओ मामुआंग', अवश्य खावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. तिकीट पारपत्रावर जे नाव आहे त्याच नावाने काढावे. लग्नानंतर नाव बदलायचे असेल तर ते परतल्यावर. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी थाई दूतावासाची माहिती स्वतः पाहावी. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर आगमनपत्र भरावे लागते. ते पूर्णपणे विनामूल्य आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते संकेतस्थळ सरकारी नव्हे. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे आणि राजघराण्याविषयी अनुदार बोलणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

राहिले मोकळे दिवस. त्यांच्याविषयीच मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. एका दिवशी आम्ही खलोंग तोयच्या धक्क्यावरून लहान होडीने पलीकडच्या बांग क्राचाओला गेलो, भाड्याने दोन सायकली घेतल्या आणि पाणझाडांमधून जाणाऱ्या काँक्रीटच्या अरुंद वाटांवरून हिंडत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारभर खोलीत झोपलो आणि संध्याकाळी लुम्फिनी बागेत गेलो. तिथल्या तळ्याकाठी मोठ्या घोरपडी माणसांना न भिता फिरतात. बरोबर सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू झाले आणि धावणारी शेकडो माणसे जिथल्या तिथे स्तब्ध उभी राहिली. गीत संपताच सगळे पुन्हा धावू लागले. हे दृश्य कोणत्याही सहलीच्या यादीत नसते. ज्यांना लांब जावेसे वाटेल त्यांच्यासाठी अयुत्थया आहे. अयोध्येवरून नाव घेतलेली ही जुनी राजधानी १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते. तिथे वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक आहे आणि त्याच्याजवळ छायाचित्र काढताना खाली बसावे लागते, आपले डोके बुद्धाच्या मस्तकाहून वर असू नये म्हणून.

आपल्या वर्तमानपत्राला माझी एक विनंती आहे. मधुचंद्राच्या सहलींच्या जाहिराती स्वीकारताना प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार, प्रवेशशुल्क किमतीत धरले आहे की नाही, विक्रीदालनात थांबणे सक्तीचे आहे का आणि बसच्या प्रवासात एकूण किती तास जाणार, एवढे तरी ठळक अक्षरांत छापण्याचा आग्रह आपण धरावा. सहल कंपनीबरोबर जाण्यात काही गैर नाही. ज्यांना परभाषेची भीती वाटते त्यांना तो मोठा आधार असतो आणि सर्वच कंपन्या सारख्या नसतात. परंतु आयुष्यात एकदाच येणारे हे दिवस विकत घेणाऱ्या मुला-मुलींना नेमके काय विकले जात आहे, हे आधी कळायला हवे.

आमच्या पुतण्याने कात्रण बाजूला ठेवले आहे. नदीकाठच्या एका लहान हॉटेलात पाच रात्रींसाठी त्या दोघांनी खोली पाहिली आहे, दर करांसह विचारला आहे, आणि वहीत पहिल्या दिवसाची जागा कोरी सोडली आहे.

आपली नम्र,
एक वाचक